रमण्यातली दक्षिणा: दानाचं पात्र कोणी ठरवायचं?

श्रावण लागला की अठराव्या शतकातल्या पुण्यात माणसांची रीघ लागायची. कोणी कोकणातून घाट चढून आलेलं, कोणी कर्नाटकातून, कोणी थेट काशीकडून. खांद्यावर पडशी, अंगावर ओलं उपरणं, आणि डोळे पर्वतीकडे. टेकडीच्या पायथ्याशी भिंतींनी वेढलेलं एक मोठं आवार होतं, त्याला रमणा म्हणत. श्रावणमासाची दक्षिणा तिथे वाटली जाई. जमलेल्या ब्राह्मणांना आत घ्यायचं, दारं लावायची आणि एकेकाला बाहेर सोडताना त्याच्या हातावर पैसे ठेवायचे, अशी साधारण रीत होती. म्हणजे एकच माणूस दोनदा हात पुढे करणार नाही.

दानधर्मावर बोलायचं झालं की मला हेच प्रकरण आठवतं. याचं कारण सांगून टाकतो. एका लहानशा शिष्यवृत्ती निधीच्या बैठकांना मी बरीच वर्षं बसतो आहे. पैसे किती, यावर आमच्यात कधी भांडण झालं नाही. भांडण होतं ते कोणाला द्यायचे यावरून. गुण बघायचे की गरज? आपल्या गावचा मुलगा आधी की परगावची, जास्त अडचणीत असलेली मुलगी आधी? अर्जात चूक झाली म्हणून नाव काढायचं का? प्रत्येक वेळी या टेबलाभोवती बसलेलो आम्ही चार-पाच जण दुसऱ्या कोणाची तरी लायकी ठरवत असतो, आणि तो दुसरा खोलीत नसतो. पुण्याच्या दक्षिणेचा सव्वाशे वर्षांहून लांब प्रवास हा याच एका प्रश्नाचा प्रवास आहे. धर्मशास्त्रात त्याला एक नेमका शब्द आहे: पात्र, म्हणजे दान घ्यायला योग्य माणूस.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद शब्दांतूनच निघाला. दान म्हणजे आपल्या वस्तूवरचा हक्क सोडून ती दुसऱ्याची करणं, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. दक्षिणा मुळात वेगळी. यज्ञ किंवा विधी पार पाडणाऱ्याला त्याच्या कामापोटी जे द्यायचं ती दक्षिणा. ती दिल्याशिवाय कर्म पुरं झालं असं मानत नाहीत. दोन्ही गोष्टी देण्याच्याच, पण एकीत उपकार आहे आणि दुसरीत मोबदला. शास्त्रकारांनी आणखी एक जोडी केली होती, इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग आणि त्यातली दक्षिणा हे इष्ट. विहीर, तळं, धर्मशाळा, देऊळ, बाग, अन्नछत्र हे पूर्त. पूर्तकर्म सगळ्या वर्णांना मोकळं होतं आणि त्याचा लाभही जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही मिळायचा. विहिरीचं पाणी पिणाऱ्याला कोणी वेद म्हणून दाखवायला सांगत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण आपल्या समाजात पाणवठ्यालाही जात होती, तेव्हा हे वाक्य अर्धंच खरं आहे.

दाभाड्यांकडून पेशव्यांकडे

श्रावणातल्या या दक्षिणेची सुरुवात पेशव्यांनी केलेली नाही. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा पाडली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना मारला गेला. दाभाड्यांचा जोर ओसरला आणि दक्षिणेचा मान पुण्याकडे आला. यात बाजीरावाची धर्मनिष्ठा नव्हती असं मी म्हणणार नाही. पण ज्या घराण्याशी युद्ध झालं त्या घराण्याचं पुण्यकर्म आपल्याकडे घेणं ही राजकीय खूणही होती. राज्यातला मोठा दाता आता कोण, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

पुढे ही रक्कम फुगत गेली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५८ साली, ती १८ लाख रुपयांपर्यंत गेल्याचं पुण्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. याच काळात पेशव्यांच्या डोक्यावर सावकारांचं कर्ज होतं आणि तीन वर्षांनी पानिपत व्हायचं होतं, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

वाटपाचे दोन थर होते. शास्त्री, वैदिक, ज्योतिषी यांची परीक्षा व्हायची आणि विद्वत्तेप्रमाणे त्यांना चांगली दक्षिणा आणि मान मिळायचा. बाकीच्या हजारोंना रमण्यात थोडकी आणि साधारण सारखी रक्कम मिळायची. पहिला थर विद्येचा आश्रय होता. छापखाने आणि विद्यापीठं नसलेल्या काळात न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र शिकून माणसाने जगायचं कसं, याचं ते एक उत्तर होतं. काशीच्या किंवा दक्षिण भारतातल्या पंडिताला पुण्यात येऊन वाद करावासा वाटायचा, ग्रंथ इकडून तिकडे जायचे. हे काम खरोखर झालेलं आहे आणि ते मला नाकारायचं नाही.

दुसरा थर निव्वळ जन्मावर चालायचा. रमण्याच्या दाराशी विद्या विचारली जात नव्हती, गरजही विचारली जात नव्हती.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांची एक गोष्ट या संदर्भात सांगितली जाते. दक्षिणा वाटपाच्या वेळी त्यांचे भाऊ समोर आले. शास्त्रीबुवांचे बंधू म्हणून त्यांना २० रुपये द्यावेत, असं नाना फडणवीसांनी सुचवलं. रामशास्त्री म्हणाले, यांच्याजवळ विशेष विद्या नाही, तेव्हा इतरांसारखे दोनच रुपये द्यावेत. माझा भाऊ म्हणून त्याला जे लागेल ते मी माझ्या घरून देईन. सरकारी तिजोरीतून वाटणारा माणूस आणि स्वतःच्या खिशातून देणारा माणूस वेगळे, हे दोन वाक्यांत इतकं स्वच्छ सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आमच्या निधीच्या बैठकीत ओळखीच्या घरातला अर्ज निघाला की मला हटकून हे दोन रुपये आठवतात.

पण रामशास्त्र्यांच्या निःस्पृहतेलाही एक कुंपण होतं. दोन रुपये की वीस, एवढाच तो प्रश्न होता. तिजोरीत हे रुपये आले कुठून, हे त्या आवारात कोणी विचारत नव्हतं. ते आले होते कुणब्याच्या शेतसाऱ्यातून, चौथाईतून, जकातीतून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं आपण हसण्यावारी नेतो, पण राज्याने केलेल्या दानात हा धोका कायमच असतो. पुण्य एकाच्या नावावर जमा होतं आणि घाम दुसऱ्याचा असतो. ज्याचा घाम होता त्याला रमण्याच्या भिंतीच्या आत पाऊल ठेवता येत नव्हतं.

कंपनी सरकारपुढचा पेच

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या कंपनीच्या एल्फिन्स्टनपुढे दक्षिणेचं काय करायचं हा प्रश्न आला. बंद करावी तर पुण्यातला वजनदार वर्ग पहिल्याच वर्षी बिथरणार. चालू ठेवावी तर हजारो माणसांना नुसत्या जन्मापोटी पैसे वाटणं सरकारच्या हिशेबात बसेना. मार्ग निघाला तो मधला. रमण्यातलं सरसकट वाटप गेलं, परीक्षा देणाऱ्या विद्वानांची दक्षिणा राहिली, रक्कम खूप खाली आली. आणि वाचलेल्या पैशाचा काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांचा त्यात पुढाकार होता. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेल्या वाड्यात आता न्याय, वेदान्त, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक शिकवलं जाऊ लागलं. पुढे तिचंच पूना कॉलेज झालं आणि त्यातून डेक्कन कॉलेज.

या टप्प्याबद्दल बोलताना दोन टोकं दिसतात. कोणी म्हणतं, परक्यांनी धर्मावर घाला घातला. कोणी म्हणतं, परक्यांनी आम्हाला सुधारलं. मला दोन्ही पटत नाहीत. सरकारला शांतता हवी होती आणि ती त्याने बऱ्यापैकी स्वस्तात मिळवली. पात्र मात्र होतं तेच राहिलं. पाठशाळेत शिकणारे ब्राह्मण, शिकवणारे ब्राह्मण, परीक्षा देऊन दक्षिणा घेणारेही तेच. बदल एवढाच झाला की श्रावणातल्या एका दिवसाचं देणं वर्षभराच्या शिकवणीत गेलं. हा बदल लहान नाही. इष्टाचं पाणी पूर्ताच्या पाटात सोडण्याची ती सुरुवात होती. पण पाट अजून एकाच वाफ्याकडे जात होता.

ज्यांची दक्षिणा गेली त्यांच्याबद्दल एक शब्द बोललाच पाहिजे. रमण्यात येणारे सगळे काही तुपात लोळणारे नव्हते. चार घरची भिक्षा आणि दोन-चार श्राद्धं यांवर जगणारा, पावसात शे-दीडशे मैल तुडवत येणारा भिक्षुक त्यांत होता. दोन रुपये त्याच्या घरात मोजून वापरले जात असतील. त्याच्या जागी दुसरं काही उभं न करता प्रथा आक्रसत गेली. सुधारणेच्या इतिहासात या माणसाचं नाव येत नाही, आणि वाद पेटला तेव्हा तो कोणाच्या बाजूला उभा राहिला असेल हे वेगळं सांगायला नको.

१८४९ चा अर्ज

प्रकरणाला खरी धार आली ती इथे. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, तेव्हा पंचविशी ओलांडलेले तरुण सरकारी नोकर होते. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात त्यांची ‘शतपत्रे’ येत होती. अर्थ न कळता केलेलं पाठांतर, कष्ट न करता खाण्याची वृत्ती आणि आपल्याच ब्राह्मण जातीचा आळस यांवर ते सडकून लिहीत होते. १८४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी सरकारकडे अर्ज केला. मागणी अशी की दक्षिणेच्या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, आणि हे बक्षीस एका जातीपुरतं राखू नये.

आज ही मागणी अगदी सौम्य वाटते. दक्षिणा बंद करा असं कोणी म्हणत नव्हतं. थोडा भाग द्या, एवढंच म्हणणं. पण त्यात तीन गोष्टी उलट्या होत होत्या. संस्कृतच्या जागी मराठी येत होती, म्हणजे ज्ञान घेणारा आता पंडित न राहता कोणीही वाचणारा होणार होता. जन्माच्या जागी काम येत होतं. आणि तिसरी गोष्ट सर्वांत खोल. दक्षिणा हा कोणाचा हक्क नाही, तो सगळ्या लोकांचा पैसा आहे आणि लोकांच्या उपयोगासाठी खर्चावा, हे त्यात गृहीत होतं.

पुण्यात गहजब झाला. सनातनी मंडळी जमली, बहिष्काराच्या गोष्टी निघाल्या आणि अर्जदारांना मारहाणीची भीती दाखवली गेली. अर्जदार स्वतः ब्राह्मणच होते, त्यामुळे घरचे, सोयरे, शेजारी सगळेच फिरले. सही करणं म्हणजे आपल्या बहिणीचं लग्न अडवून घेणं, इतकं ते अंगावर येणारं होतं.

अशा वेळी जोतीराव फुले मदतीला गेले. वय २२. आदल्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढल्यामुळे त्यांच्यावरही लोक उठले होते. अर्ज पोहोचवताना या मंडळींच्या अंगाला हात लागू नये म्हणून जोतीरावांनी आपले दोनेकशे सोबती जमवले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबतो. दक्षिणेत ज्यांचा वाटा कधी नव्हता, रमण्याच्या दारात ज्यांना कोणी उभं केलं नसतं, ते लोक ब्राह्मण सुधारकांना संरक्षण द्यायला रस्त्यावर उतरले. त्या दिवसाच्या पुण्यात कोणी कोणाला काय दिलं याचा हिशेब मांडायचा झाला, तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं दान या दोनशे जणांच्या नावावर लिहावं लागेल. आणि ते कोणत्याही वहीत नाही.

अर्ज मान्य झाला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. मराठी गद्य वाढण्याच्या त्या वर्षांत या पैशाचा हात मोठा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाल्यावर कॉलेजांत या पैशातून वेतन मिळणारे दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. म्हणजे श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी वाटल्या जाणाऱ्या रुपयांच्या वारसातून पुढच्या पिढीतले दोन मोठे विद्वान उभे राहिले. दोघेही प्रार्थना समाजाचे, दोघेही विधवाविवाहाच्या बाजूचे. ज्या मंडळींनी दक्षिणा आपली म्हणून अर्जदारांवर हात उगारला होता, त्यांच्या दृष्टीने तर भीती खरीच ठरली म्हणायची. फुल्यांच्या महार-मांगांसाठीच्या शाळांनाही काही काळ या फंडातून मदत मिळाली. १८५२ च्या नोव्हेंबरात पूना कॉलेजचे प्रमुख मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला तो विश्रामबागवाड्यातच, त्याच पाठशाळेच्या जागी.

दारावर बसलेला माणूस

इथे थांबलं असतं तर ही सुधारणेची गोड कहाणी झाली असती. पण १८५५ साल उरतं.

त्या वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. एक कुणबी, त्याची गरोदर बायको आणि त्यांच्या दारात आलेला जोशी. पोटातल्या बाळावर ग्रहांची पीडा आहे, असं सांगून जोशी त्या बाईच्या मनात भीती घालतो. मग अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, दक्षिणा. घरात नाही ते कर्ज काढून उभं करायचं. शेवटी नवरा-बायकोला फसवणूक कळते आणि ती दोघं फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. नाटकाचा विषयच मुळी दक्षिणा आहे: भीतीपोटी, कर्जाच्या पैशातून, न समजणाऱ्या मंत्रांसाठी दिलेली. आणि जोतीरावांनी हे नाटक पाठवलं कुठे, तर दक्षिणा प्राइज कमिटीकडे.

कमिटीने ते नाकारलं. समितीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलं आहे. नाटक शंभराहून जास्त वर्षं छापलं गेलं नाही.

या एका नकारावरून मी संपूर्ण कमिटीला मोडीत काढणार नाही, तिने केलेलं काम वर सांगितलं आहे. पण प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. पेशव्यांच्या काळात रमण्याच्या दारावर पात्र ठरवणारे जे होते, पाठशाळेत जे होते, त्यांच्याच नात्यागोत्यातले लोक कमिटीच्या टेबलाशी बसले होते. निकष बदलले, भाषा बदलली, रक्कम बदलली, हेतूसुद्धा खरोखर बदलला. निवड करणारा हात मात्र ओळखीचाच राहिला. त्या हाताला कुणब्याच्या घरातलं नाटक ग्रंथ वाटलंच नाही. देणाऱ्याच्या मनात खोट नसतानाही असं होऊ शकतं, हे मी आमच्या छोट्या टेबलाशी बसून पाहिलेलं आहे. एका अर्जातलं मराठी अशुद्ध होतं म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला. तो मुलगा ज्या घरातून आला होता तिथे प्रमाण मराठी बोलणारं कोणी नव्हतंच. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा वर्ष निघून गेलं होतं आणि पैसे दुसऱ्याला दिले गेले होते.

कायद्याच्या अंगाने हे प्रकरण शंभर वर्षांनी एका जागी पोहोचलं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात धर्मादाय हेतू सांगितले आहेत ते असे: गरिबी किंवा संकटाचं निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाची इतर कामं. केवळ धार्मिक शिकवण किंवा उपासना यांच्याशी संबंधित हेतू त्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. पदाचं नाव मात्र धर्मादाय आयुक्त. शब्दात धर्म राहिला, व्याख्येत गरज आली. लोकहितवादींच्या अर्जात जे गृहीत होतं ते इथे कलमात उतरलेलं दिसतं. विश्वस्त कोण असावेत आणि ते कोणाच्या ओळखीचे असावेत, याला कायदा फारसा हात घालत नाही, आणि घालू शकेल असंही मला वाटत नाही.

जोतीरावांनी स्वतः दान या गोष्टीचं काय केलं, हे पाहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीशिवाय, म्हणजे दक्षिणेशिवाय, लग्न लागलं. देणं बंद करण्याची ही बाजू बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी बाजू चार वर्षांनी आली. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमधली माणसं गावं सोडून निघाली, पोरं वाटेवर उरली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि जोतीरावांनी १८७७ च्या मे महिन्यात आपल्या लोकांकडे मदतीची मागणी केली. आश्रमात घ्यायला मूल उपाशी आहे, एवढं पुरेसं होतं.

पर्वतीवर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं की धनकवडी दिसते. रमण्याची जागा टेकडीच्या पायथ्याशी आणि बालाश्रमाची जागा तिथून तासाभराच्या चालीवर.